हवा ऐकणाऱ्याची जबाबदारी

(जळगाव येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही त्यांची शिस्त. म्हणून आज मी असा विषय घेतला आहे, की ज्याबद्दल आपल्याकडे मतं उदंड आहेत आणि मोजमाप मात्र जवळपास नाहीच. विषय आहे वायफाय. नेमकं सांगायचं तर वायफायची हवेतून चाललेली वाहतूक पकडणं, ती उलगडून वाचणं आणि त्यातून निष्कर्ष काढणं.

यातला ‘पकडणं’ हा शब्द कानावर आला की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच हॅकर उभा राहतो. अंधारी खोली, डोक्यावर टोपी, पडद्यावर हिरवी अक्षरं. हे चित्र सिनेमाने दिलेलं आहे. प्रत्यक्षात हे काम भरदुपारी, पंख्याखाली बसून, चहा पीत, नोकरीचा भाग म्हणून करणारे लोक जगभर आहेत आणि त्यांच्यामुळेच आपलं नेट चालतं. मला आज तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हवेतून गेलेलं जवळचा कोणीही ऐकू शकतो, म्हणून आपलं झाकायला शिकलं पाहिजे. आपल्या संस्थेची हवा आपणच ऐकायला शिकलं पाहिजे. आणि एखादी गोष्ट ऐकू येते, एवढ्यावरून ती वाचायचा हक्क मिळत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड, म्हणून ती शेवटी घेतो.

हवेत काय चाललेलं असतं

या सभागृहात आत्ता बहुतेकांच्या खिशात फोन आहे. इथल्या भिंतीवर वायफायचं एक यंत्र आहे, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. ते सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव पुकारतं: मी अमुक, या चॅनेलवर आहे, मला अमुक प्रकारचं कुलूप आहे. या पुकाऱ्याला बीकन म्हणतात. कोणी जोडलेलं असो वा नसो, रात्री सभागृह बंद झाल्यावरही तो चालूच असतो. तुमचा फोनही गप्प नसतो. ओळखीचं नेटवर्क जवळ आहे का, असं तो मधूनमधून विचारतो. जुने फोन तर साठवून ठेवलेल्या नेटवर्कची नावंच पुकारायचे. मग जवळ बसून ऐकणाऱ्याला कळायचं, की हा माणूस कुठल्या हॉटेलात उतरला होता आणि कुठल्या दवाखान्यात जाऊन आला होता. २०१४ नंतर फोनच्या कंपन्यांनी असं शोधताना फोनचा खरा पत्ता लपवून खोटा, बदलता पत्ता वापरायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

वायफायवर जे काही जातं ते लहान लहान तुकड्यांत जातं. एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमचे प्रकार तीन. ओळखपाळख आणि जोडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थापनाच्या फ्रेम, ‘मिळालं’ अशी पोच देणाऱ्या आणि रस्ता मोकळा करणाऱ्या नियंत्रणाच्या फ्रेम, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या डेटाच्या फ्रेम. डेटाच्या प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा यंत्रपत्ता उघडा लिहिलेला असतो. आतला मजकूर कुलूपबंद असला तरी हा पत्ता झाकता येत नाही. झाकला तर फ्रेम कोणासाठी आहे हे कोणत्याच यंत्राला कळणार नाही.

लॅपटॉपचं वायफाय कार्ड एरवी स्वतःच्या नावाच्या फ्रेम ठेवून बाकीच्या टाकून देतं. ते ‘मॉनिटर मोड’मध्ये टाकलं की ऐकू येईल ते सगळं पुढे देतं. लिनक्सवर योग्य कार्ड असेल तर हे सहज जमतं, विंडोजवर बहुतेक कार्डं नखरे करतात. शिवाय कार्ड एका वेळी एकच चॅनेल ऐकतं; दुसऱ्यावर जावं तर पहिल्यावरचं निसटतं. पकडलेल्या फ्रेम वाचण्यासाठी वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. जेराल्ड कोम्ब्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ते १९९८मध्ये ‘इथरियल’ या नावाने प्रसिद्ध केलं. पुढे त्याने नोकरी बदलली, जुन्या नावाचा हक्क जुन्या मालकाकडे राहिला, म्हणून २००६मध्ये नवं नाव आलं. त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे सॉफ्टवेअर माहीत असतं, पण परीक्षेच्या प्रयोगवहीपुरतं. ते आपल्याच कॉलेजच्या हवेला लावून बघावं, असं क्वचितच कोणाला वाटतं.

ग्रंथालयातली दुपार

आपल्याच भागातल्या एका महाविद्यालयाने मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, कारण तिथे जे होतं ते बहुतेक ठिकाणी आहे. तक्रार अशी, की ग्रंथालयात दुपारी नेट चालत नाही. लाइन चांगली शंभर एमबीपीएसची होती. त्यावर सगळ्यांचं एकच औषध ठरलेलं: लाइन दुप्पट करा. कोटेशनही आलं होतं. मी प्राचार्यांकडून लेखी परवानगी घेतली, सूचनाफलकावर नोटीस लावायला सांगितली आणि लॅपटॉप उघडला. प्रत्येक फ्रेमचा फक्त सुरुवातीचा भाग साठवला जाईल, आतला मजकूर टिपलाच जाणार नाही, अशी सोय आधी केली.

पुढचं कळण्यासाठी धुळ्याकडे वळावं लागेल. पांझरेच्या काठावर सिंचनाची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे गट. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवतात. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. ज्याने त्याने उठून पाट फोडायचा नाही. टोकाच्या शेतालाही पाणी पोहोचलं पाहिजे, म्हणून ही सारी व्यवस्था. काही शतकं ती टिकली, कारण पाणी सगळ्यांचं आहे आणि ते मोजकं आहे, हे काठावरच्या प्रत्येकाला पटलेलं होतं. वायफायची हवाही तशीच, सगळ्यांची आणि मोजकी. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, दोघं बोलले की दोघांचंही वाया. फरक एवढाच, की जुन्या वायफायला पाटकरीच नाही. प्रत्येक यंत्र स्वतः कानोसा घेतं, शांत वाटलं तर थोडं थांबून बोलतं, आणि पोच आली नाही तर तीच फ्रेम पुन्हा पाठवतं. २०२१मध्ये मान्य झालेल्या वायफाय-६च्या मानकात ॲक्सेस पॉइंटला पाळ्या वाटून देण्याचं काम बऱ्याच अंशी मिळालं. पाटकरी आला, पण उशिरा. आणि आपल्या संस्थांमधली बहुतेक यंत्रं त्याच्या आधीची आहेत.

या पाळ्यांमध्ये एक मेख आहे. जुन्या वायफायमध्ये पाळी समान मिळते, वेळ समान मिळत नाही. पंधराशे बाइटची एक फ्रेम सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने पाठवली तर बारा मिलिसेकंद लागतात. तीच चोपन्न मेगाबिटने पाठवली तर मिलिसेकंदाचा एक चतुर्थांशही लागत नाही. म्हणजे दूर कोपऱ्यात, दोन जाड भिंतींच्या पलीकडे बसलेला एकच मंद फोन आपल्या पाळीत इतरांच्या पन्नासपट वेळ खातो. लाइन कितीही मोठी आणा, तो कोपरा सुटला नाही तर सगळं ग्रंथालय त्याच्या चालीने चालणार.

त्या ग्रंथालयात आणखी एक गोष्ट दिसली. विद्यार्थी, प्राध्यापक, कार्यालय, पाहुणे, परीक्षा अशी पाच नावं प्रत्येक ॲक्सेस पॉइंट पुकारत होता. अशी तीन यंत्रं एकाच चॅनेलवर होती आणि तिन्ही एकमेकांना ऐकू येत होती. म्हणजे पंधरा पुकारे. तीनशे बाइटचा एक बीकन सगळ्यांत संथ वेगाने पाठवला तर त्याला सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा धरले तर एका नावामागे हवेतला अडीच टक्के वेळ जातो. पंधरा नावांमागे सदतीस-अडतीस टक्के. कोणीही एक अक्षर वाचण्याआधी, व्हिडिओचा एक तुकडा उतरवण्याआधी, हवेचा एक तृतीयांशाहून जास्त वेळ नुसत्या नावांच्या पुकाऱ्यात संपलेला. त्यावर फेरपाठवणीचा बोजा वेगळाच. प्रत्येक फ्रेममध्ये ‘ही दुसऱ्यांदा पाठवतोय’ असं सांगणारी एक खूण असते. वायरशार्कमध्ये तेवढ्या खुणेच्या फ्रेम वेगळ्या काढल्या की हवेची तब्येत समोर येते.

उपाय फुकटचे होते. पाचाची दोन नावं केली. एक आणि दोन मेगाबिटचे जुने वेग बंद केले. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांत न मिसळणारी तीनच: १, ६ आणि ११. तिन्ही यंत्रांना ती वाटून दिली. नव्या फोनना ५ गिगाहर्ट्झकडे वळवलं. एक ॲक्सेस पॉइंट लोखंडी कपाटाच्या मागून काढून मोकळ्या भिंतीवर लावला. कोटेशन परत गेलं. हे सगळं शोधताना कोणाचा एक शब्दही वाचावा लागला नाही. पाकिटांवरचे पत्ते, त्यांची जाडी आणि वेळ, एवढ्यावर निदान झालं. चांगल्या तपासणीत मजकुराची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

कुलूप कोणतं, किल्ली कोणाकडे

आता झाकण्याबद्दल. वायफायचं पहिलं मानक १९९७चं. त्यासोबत आलेल्या कुलपाचं नाव होतं वेप. २००१मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यातला दोष दाखवून दिला, आणि पुरेशी वाहतूक पकडून किल्ली काढता येते हे जगजाहीर झालं. २००३ला डब्ल्यूपीए, २००४ला डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ला डब्ल्यूपीए-३ असं पुढे जात राहावं लागलं. आपल्या दुकानांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत आज बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपीए-२ आहे. ते वाईट नाही. पण त्याची एक बाजू लोकांना कोणी सांगत नाही. सगळ्यांना एकच पासवर्ड असेल आणि तो पासवर्ड मला माहीत असेल, तर तुमचा फोन जोडला जाताना होणारी चार फ्रेमची देवाणघेवाण पकडून मी तुमची त्यापुढची वाहतूक उलगडू शकतो. म्हणजे रसवंतीच्या काउंटरवर खडूने लिहिलेला पासवर्ड फुकट्या शेजाऱ्याला बाहेर ठेवतो, पण आत बसलेल्या गिऱ्हाइकांना एकमेकांपासून झाकत नाही. डब्ल्यूपीए-३ने हे भोक बुजवलं.

दुसरं कुलूप वेबसाइटचं, एचटीटीपीएसचं. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर याने ‘फायरशीप’ नावाचं एक छोटं साधन प्रसिद्ध केलं. ब्राउझरमध्ये जोडायचं, कॉफीच्या दुकानात बसायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक खातं एका क्लिकमध्ये आपल्या पडद्यावर. कारण तेव्हा मोठमोठ्या साइटसुद्धा लॉगिनपुरतं कुलूप लावून पुढचं सगळं उघड्यावर पाठवत. हा धोका तज्ज्ञांना आधीपासून माहीत होता, पण तो सामान्य माणसाला दिसल्यावरच कंपन्या हलल्या. आज बँकेचा, ई-मेलचा मजकूर हवेतून पकडला तरी वाचता येत नाही. पण कोणता फोन, कोणत्या वेळी, किती वेळ, किती मोठा डेटा, आणि पुष्कळदा कोणत्या साइटकडे, हे अजूनही दिसतं. रात्री दोनला रुग्णालयाच्या साइटकडे गेलेला फोन आपला मजकूर लपवतो, काळजी लपवू शकत नाही.

सानपाडा, माटुंगा, चेंबूर

वायफाय उघडं ठेवलं तर काय होतं, हा धडा महाराष्ट्र २००८मध्ये फार मोठी किंमत देऊन शिकला. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तपासाचा माग आयपी पत्त्यावरून नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत गेला. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. पोलिसांनी त्याची कसून चौकशी केली. त्याच्या घरच्या वायफायला पुरेसं कुलूप नव्हतं आणि ते वापरून ई-मेल दुसऱ्यांनीच पाठवला, असं तपासातून पुढे आलं. ऑगस्टमध्ये दुसरा ई-मेल गेला तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून. एक घर, एक कॉलेज, एक कंपनी. तिघांचाही गुन्ह्याशी संबंध नव्हता. संबंध होता त्यांच्या उघड्या हवेचा.

आयपी पत्ता तपासाला जोडणीपर्यंत नेतो, माणसापर्यंत नेत नाही. ई-मेल पाठवणारा त्या वेळी भिंतीबाहेर, जिन्यात किंवा गाडीत असावा, आणि त्याच्या फ्रेम फार तर शंभरेक मीटरच्या टापूत ऐकू येण्याजोग्या होत्या. त्या क्षणी कोणी ऐकत नव्हतं, म्हणून त्या विरून गेल्या. हवेतला पुरावा मागाहून गोळा करता येत नाही.

त्यानंतर जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी ठरवलं, की गाडीत लॅपटॉप घेऊन शहरभर फिरायचं, कुलूप नसलेली वायफाय शोधायची, आणि मालकांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९खाली नोटिसा द्यायच्या. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याच्या आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना दिल्या. आज रेल्वे स्टेशनवर फुकट वायफाय घेताना मोबाइलवर जो ओटीपी येतो, त्याचं मूळ तिथे आहे. लक्षात घ्या, पोलिसांनी त्या फिरतीत ऐकायचे होते ते पुकारे, म्हणजे नाव आणि कुलपाचा प्रकार. घरात काय बोललं जातंय ते ऐकायची त्यांना गरज नव्हती आणि तसा अधिकारही नव्हता.

दोन टिपणं

बिनतारी ऐकण्याचा इतिहास वायफायपेक्षा फार जुना आहे, आणि त्यातलं एक पान मुंबईचं आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. आजच्या भाषेत सांगायचं तर साधारण ७ मेगाहर्ट्झ. पोलीस आणि सरकारी यंत्रणा रोज ते प्रक्षेपण ऐकत होती, शब्दशः उतरवून घेत होती आणि दिशा शोधणाऱ्या यंत्रांनी जागेचा माग काढत होती. म्हणून ट्रान्समीटर सारखा हलवावा लागे. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत छापा पडला. पोलिसांना अखेरचा पत्ता मिळाला तो मात्र यंत्राकडून नव्हे, फुटलेल्या एका तंत्रज्ञाकडून. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. आणि गंमत पाहा: त्या रेडिओवर काय बोललं गेलं, हे आज आपल्याला वाचायला मिळतं ते मुख्यतः त्यांना पकडण्यासाठी उतरवून घेतलेल्या त्या सरकारी टिपणांमुळे.

याच्या दहा वर्षं आधी, १९३२मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात आणखी एक टिपण चाललं होतं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून आला. दोन्हीकडे कोणीतरी बोलत होतं आणि कोणीतरी झरझर उतरवत होतं. दोन्ही टिपणांनी शब्द वाचवले. पण धुळ्यात बोलणाऱ्याला माहीत होतं की समोर लिहिणारा आहे, आणि त्या लिहिण्यामागचा हेतू दोघांचा एकच होता. मुंबईत टिपणारा लपलेला होता आणि त्याला बोलणाऱ्याचा आवाज बंद करायचा होता. तंत्र बघून ऐकण्याचा न्याय करता येत नाही. परवानगी कोणाची, हेतू काय, आणि टिपलेलं शेवटी कोणाच्या हाती जाणार, हे विचारावं लागतं.

कायदा काय म्हणतो

इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टातून लायसन्स काढावं लागे. १९३३च्या बिनतारी कायद्याची ती देणगी. म्हणजे राज्यसत्तेला बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही भीती वाटत होती. २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त झाला, २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग मोकळा झाला, आणि आपण सगळेच लहानमोठे प्रक्षेपक झालो. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा कायदा यांच्या जागी आता २०२३चा दूरसंचार कायदा आला आहे.

मात्र पट्टा मोकळा झाला म्हणून मजकूर मोकळा होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सांगतं, की नेटवर्कच्या मालकाच्या परवानगीवाचून त्यातला डेटा उतरवून घेतला, त्याची नक्कल केली, तर भरपाई द्यावी लागेल. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारला ऐकायचं असेल तर त्यालाही रीत आहे. टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये सांगितलं, की आदेश वरिष्ठ पातळीवरचा हवा, मुदतीचा हवा आणि त्याची फेरतपासणी झाली पाहिजे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी जो खासगीपणाचा हक्क आहे, त्याचा एक धागा आपल्याच मातीतून जातो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार ओळख दिली गेली ती टेंभलीत, नंदुरबार जिल्ह्यात. १९९८पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. त्या आधारविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी न्यायालयात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. टेंभलीत बोटांचे ठसे घेतले गेले तेव्हा हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात होता. सात वर्षांनी तो साऱ्या देशाचा झाला.

‘उघडं होतं, म्हणून घेतलं’ हा बचाव मोठमोठ्यांनीही करून पाहिला आहे. रस्त्यांची छायाचित्रं घेत जगभर फिरणाऱ्या गुगलच्या गाड्या घराघरांच्या कुलूप नसलेल्या वायफायवरचा मजकूरही साठवत होत्या, हे मे २०१०मध्ये कंपनीने कबूल केलं. त्यात ई-मेलचे तुकडे होते, पासवर्ड होते. तीसहून अधिक देशांत हे घडलं. अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीचं म्हणणं होतं, की हे तर सार्वजनिक रेडिओसारखंच आहे. २०१३मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते मानलं नाही. वायफायची वाहतूक सामान्य माणसाला सहज ऐकू येत नाही, त्यासाठी खास साधनं आणि कसब लागतं, असं न्यायालयाने म्हटलं. माझ्यासारख्याला हा निकाल आरसा दाखवतो. ते कसब माझ्याकडे आहे, म्हणूनच माझ्यावरचं बंधन सामान्य माणसापेक्षा जास्त आहे.

खान्देशात काय करता येईल

शेवटी कामाचं बोलतो. आपल्याकडे जळगावात, धुळ्यात, बांभोरीत, शिरपुरात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तंत्रनिकेतनं आहेत. दुसरीकडे सहकारी पतसंस्था, बाजार समित्या, दवाखाने, जिनिंग मिल, केळीची शीतगृहं आहेत. त्यांचा सगळा कारभार हवेवर चालतो आणि ती हवा कशी आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. या दोघांची गाठ घालून द्या. दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या तुकडीने एका संस्थेची हवा तपासावी. कुलूप जुनं आहे का, पासवर्ड भिंतीवर आहे का, पाहुण्यांचं नेटवर्क हिशेबाच्या संगणकांपासून वेगळं आहे का, संस्थेच्या नावाने दुसऱ्याच कोणाचं यंत्र पुकारे देत नाही ना, एवढंच बघावं. पतसंस्थेच्या ठेवीदाराला हा अहवाल ताळेबंदाइतकाच महत्त्वाचा वाटला पाहिजे.

मुलांसाठी माझे नियम मोजके आहेत. संस्थेची लेखी परवानगी असल्याशिवाय मॉनिटर मोड सुरू करायचा नाही. ऐकणार आहोत हे तिथल्या लोकांना आधी कळवायचं. फ्रेमचा सुरुवातीचा भाग घ्यायचा, आत उतरायचं नाही. शेजारच्या दुकानाचं नेटवर्क ऐकू आलं तर ते गाळून टाकायचं. अहवाल दिला की पकडलेली फाइल पुसायची, आणि पुसल्याची नोंद अहवालात करायची. सरावासाठी शेजाऱ्याचं वायफाय लागत नाही. जुना राउटर आणि दोन जुने फोन घेतले की घरातच प्रयोगशाळा होते. आणि शिक्षकांना एक विनंती. हे शिकवायचं टाळू नका. मुलं ते तुमच्याशिवायही शिकणारच आहेत, आणि तुमच्याशिवाय शिकली तर साधन शिकतील, नियम शिकणार नाहीत.

घरच्यांसाठी त्याहून थोडकं. राउटरबरोबर आलेला पासवर्ड बदला. डब्ल्यूपीए-३ची सोय असेल तर ती लावा, नसेल तर निदान डब्ल्यूपीए-२ आहे याची खात्री करा. पाहुण्यांना वेगळं नेटवर्क द्या. फोनमध्ये साठलेली जुनी नेटवर्कं पुसून टाका. हे करायला इंजिनिअर लागत नाही. घरातली नववीतली मुलगी करून देईल, आणि तिच्याकडून ते समजूनही घ्या.

हवा ऐकता येणारी माणसं यापुढे वाढतच जाणार. साधनं फुकट आहेत, लॅपटॉप स्वस्त होत आहेत, शिकवणारे व्हिडिओ चिक्कार आहेत. त्यांना अडवणं कोणालाच जमणार नाही, आणि अडवूही नये, कारण आपल्या संस्थांना त्यांची गरज आहे. आपल्या हाती आहे ते एवढंच, की त्यांच्यातली जास्तीत जास्त माणसं आपल्या वर्गांतून, आपल्या परवानगीने आणि आपल्या नजरेसमोर तयार व्हावीत. येत्या जूनमध्ये यातली पहिली तुकडी सुरू करायला कोणतं महाविद्यालय तयार आहे, हे मला आज इथून जाण्याआधी कळलं तर मी आनंदाने त्या मुलांबरोबर बसेन.